मागच्या खोलीतली मशीन

"अगं, तुझ्या वडिलांनी 'हो' लिहिलंय," बोझेना फोनवर म्हणाली, आणि युनिस प्यो एका पायात चिखलाने माखलेला बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, अशी गाडीच्या उघड्या डिकीला धरून उभी राहिली. मार्चचा वारा तळ्यावरून सरळ येत होता आणि मोज्यातून आत शिरत होता. कशाला हो, हे विचारायची गरज नव्हती. त्या प्रश्नावलीतले प्रश्न तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी तिने ओळीने म्हणून दाखवले असते. अर्धं आयुष्य ती दुसऱ्यांना तेच विचारत आली होती. या जागेवर कधी पेट्रोलपंप होता का. जमिनीखाली तेलाची टाकी पुरलेली आहे का. या जागेवर रसायनाने कपडे धुण्याचा प्लँट—

"हो. आणि नुसतं हो नाही," बोझेना म्हणाली. "पुढे लिहिलंय, 'सगळ्या लॉरेन्स अव्हेन्यूवर आमच्यासारखी मशीन नव्हती.' खाली रेघ ओढलीय. दोनदा."

"त्यांचंच अक्षर?"

"बक्षीस मिळाल्यासारखं लिहिलंय गं. युनिस, ऐक. तुझ्या घराबद्दल हे वाचताना मला बरं वाटत नाही. पण आता खणावं लागणार. तुला माहितीये."

"माहितीये."

"इतक्या वर्षांत मला कधी बोलली नाहीस."

काढायला घेतलेला बूट युनिसने परत पायात घातला. का, ते तिला सांगता आलं नसतं. तो चिखल निदान परका होता, दुसऱ्या कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्याचा.

या शहरात, शिकागोत, जमीन घ्यायची तर आधी तिची चौकशी करतात. सोयरीक ठरवताना मुलाकडचे आडून आडून करतात तशी. घराण्यात कुणाला काय रोग होता, कोण कशाने गेलं. इथे फक्त ती आडून नसते, करारातच कलम असतं. विकत घेणारा आपला माणूस पाठवून जमिनीचा भूतकाळ तपासून घेईल. संशय आला तर भोकं पाडून माती काढेल. माती बिघडलेली निघाली तर करार मोडून, अनामत उचलून चालता होईल, आणि ज्याची जमीन त्याच्या गळ्यात. आप्पांचं दुकान घेणार होती ती वस्तीतल्या दवाखान्याची संस्था. तिथं त्यांना लहान मुलांचा विभाग बांधायचा होता, म्हणून त्यांनी बोझेनाला नेमलं होतं. बोझेना सोडत नाही अशी तिची ख्याती, आणि एके काळी दोघी एकाच कंपनीत होत्या तेव्हा ती ख्याती युनिसनेच अर्धीअधिक पसरवली होती. स्वतः युनिसने या कामाला बोटही लावायचं नव्हतं. बापाच्या जमिनीचा निवाडा लेकीने करायचा नसतो, हा धंद्याचा पहिला नियम. आणि तो तिला सोयीचा होता. फार वर्षं सोयीचा होता. जगातल्या हरेक माणसाच्या फरशीखाली तिने डोकावून पाहिलं होतं, एक सोडून. आता आप्पांचे गुडघे गेले होते, दुकान विकलं गेलं नाही तर ते जन्मभर त्यांच्या डोक्यावर बसणार होतं, हे सगळं खरं. पण युनिसची भीती विक्रीची नव्हती. माती वर आली की उत्तर वर येणार होतं, आणि ज्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, ओम्माबद्दलचा, आईबद्दलचा, तो प्रश्न तिने कधी पूर्ण उच्चारला नव्हता, मनातसुद्धा. आप्पांनी ओम्माला

इथेच ती थांबायची. दर वेळी. आप्पांनी ओम्माला, आणि पुढे काही नाही, जिना अर्ध्यावर संपावा तसं.

दुकानाच्या काचेवर लाल रंगात लिहिलेलं होतं: कपडे बाहेर पाठवत नाही, इथंच धुतो. युनिसने जन्मात वाचलेली पहिली इंग्रजी ओळ ती, आणि दुकानाच्या आतून वाचलेली, म्हणून उलटी. काउंटरखाली तिची जागा होती, एक उशी, पेन्सिलींचा डबा, डोक्यावर आप्पांच्या बोटांतून सरकणाऱ्या, कपड्यांच्या नंबरांच्या बिल्ल्यांचा आवाज. आणि काउंटरमागे ते तपकिरी दार. दाराची कडी तिच्या हाताला येणार नाही इतकी वर बसवलेली. "आत जायचं नाही. वाफ आहे. भाजशील." दारामागून दिवसभर आवाज यायचा: घुर्र-धप्प, घुर्र-धप्प. मोठं जनावर बांधून ठेवलंय आणि ते झोपेत कूस बदलतंय. ती त्या आवाजावर पाढे पाठ करायची. गिऱ्हाइकं तो आवाज ऐकून समाधानाने मान हलवायची. पलीकडच्या बेकरीच्या मिसेस पापादाकिस तर शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगायच्या, "ऐकू येतंय? म्हणून तर माझा कोट मी त्या कोपऱ्यावरच्याला देत नाही. कुठल्या कुठे पाठवतो, कुणाकुणाच्या चड्ड्यांबरोबर फिरतो, देव जाणे." मग दार उघडायचं, फटीएवढंच, आणि ओम्मा बाहेर यायची, दोन्ही हातांवर कोट, कोटांवर पातळ कागद, आणि कोटांच्या आधी पोचायचा तो वास. गोडसर. थंड. नाकातून थेट कपाळात जाणारा. ओम्माच्या केसांना तोच वास, पदराला म्हणावं तर ओम्माला पदर नव्हता, निळा एप्रन होता, त्याला तोच. रात्री तिच्या कुशीत शिरलं की तोच. युनिस आठ-नऊ वर्षांची झाली आणि एके दिवशी आवाज थांबला, काच खरवडून साफ झाली, आणि आप्पा नुसतं शिवणकाम करू लागले, पँटी आखूड करणं, झिपा बदलणं. मागची खोली अडगळीने भरली. वास मात्र बरेच महिने राहिला. मग तोही गेला, आणि तिला तो हवाहवासा वाटायचा. कॉलेजात एकदा प्रोफेसरांनी एका बाटलीचं झाकण काढून बाटली बाकांवरून फिरवली. हे ते रसायन, धंद्यातले लोक पर्क म्हणतात, जमिनीत एकदा उतरलं की चिकणमातीत खाली खाली जातं आणि दशकं हलत नाही, मूत्रपिंडाला वाईट, यकृताला वाईट. सगळा वर्ग नाकं मुरडत होता. युनिसने बाटली नाकाशी धरली आणि तिला रडू फुटलं, कारण बाटलीत ओम्मा होती.

त्याच वर्षी ओम्माच्या मूत्रपिंडात गाठ निघाली.

मग युनिसने दुसरं काही होण्याचा विचारच केला नाही. लोकांना वाटायचं मुलगी हुशार, शास्त्राची आवड. रविवारी चर्चनंतर ती आप्पांबरोबर जेवायची, त्यांना सूप वाढायची, मुळ्याच्या किमचीचा डबा त्यांच्याकडे सरकवायची, त्यांच्या हातांकडे बघायची. चांगले हात होते, लांब बोटांचे, सुईने टोचलेले. या हातांनी रोज सकाळी मशीनचं दार उघडलं असणार. या हातांनी उरलेला गाळ कुठे ओतला असणार, मोरीत, गल्लीत, सगळेच ओततात, मी त्या सगळ्यांच्या मोऱ्या पाहिल्यात. आणि वाफेत उभी कोण राहायची? आप्पा काउंटरवर, टाय लावून. आत ती. आप्पांनी ओम्माला

"सूप गार होतंय," आप्पा म्हणायचे. "विचार कसला करतेस एवढा?"

"काही नाही."

सिमेंट.

ड्रिलच्या दिवशी आप्पा सूट घालून आले. लग्नाला घालतात तो, राखाडी, आणि काठीसुद्धा चांगली, पितळी मुठीची. युनिसने दारातच त्यांना अडवलं. "आप्पा, आज माती काढणार आहेत. सूट कशाला?"

"परीक्षा आहे ना? मग." त्यांनी आवाज बारीक केला, कोरियनमध्येच, तरीही बारीक. "मी लिहून दिलंय प्लँट होता म्हणून. नुसत्या दुकानाला काय भाव, प्लँटच्या दुकानाला वेगळा. त्यांना कळलं पाहिजे, ऐऱ्यागैऱ्याची जागा नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हसू यायला हवं होतं. ज्या एका शब्दाने हरेक वकील दचकतो, हरेक बँक फाइल मिटते, तो शब्द या माणसाने खाली दोन रेघा ओढून लिहिला होता, भाव वाढावा म्हणून. पण हसू आलं नाही. हसायच्या जागी जुना गारवा आला. म्हणजे अजूनही कळलेलं नाही. इतकी वर्षं गेली, ओम्मा गेली, आणि अजून यांना त्या मशीनचा अभिमान आहे.

मागची खोली तिने आयुष्यात पहिल्यांदा रिकामी पाहिली. कुणी न्यायला न आलेले कोट, तुटके पुतळे, सगळं गल्लीत काढून ठेवलेलं. जुनं लिनोलियम बोझेनाने गुंडाळून भिंतीला उभं केलं होतं. गल्लीच्या दारातून टॅड आपलं छोटं ड्रिल ढकलत आत आणत होता. टॅड म्हणजे मानेपर्यंत दाढी आणि दाढीत कायम काहीतरी खाल्लेलं.

"मिस्टर प्यो," बोझेना म्हणाली, "मशीन नेमकी कुठं होती? बरोबर तिच्या खालीच भोक पाडायचंय."

आप्पांनी काठी उचलली आणि राजाने प्रांत दाखवावा तशी ईशान्य कोपऱ्याकडे रोखली. "तिथं."

टॅडने कानांवर मफ चढवले. खोली हादरली. युनिस भिंतीला टेकून उभी, हात खिशात, मुठी आवळलेल्या. तिला बोलायचा अधिकार नव्हता, शिवायचा नव्हता; आज ती नुसती मालकाची मुलगी होती, आणि मालकाच्या मुली कशा उभ्या राहतात ते तिने किती वेळा पाहिलं होतं. अशाच. खिशात मुठी. तेव्हा तिला वाटायचं, यांना पैशाची काळजी.

रेती.

प्लास्टिकच्या नळीत मातीची लांबलचक कांडी वर आली. बोझेनाने बाकड्यावर ठेवून आकडी सुरीने नळी उभी चिरली, मासा चिरावा तशी. वर हातभर पिवळट रेती, मग खाली शिकागोची ती राखाडी चिकणमाती, साबणासारखी घट्ट. ठिकठिकाणची चिमूट चिमूट माती तिने छोट्या पिशव्यांत भरली. थंडीत माती आपला वास सोडत नाही, म्हणून पिशव्या ट्रकच्या हीटरपाशी ठेवायच्या, नाहीतर काखेत धरायच्या. बोझेना काखेवाली होती. "वीस वर्षांत माझ्या काखेत अर्धा इलिनॉय उबला असेल," ती म्हणाली, आणि टॅड खो खो हसला, आणि आप्पांना काही कळलं नाही तरी सूट घातलेला माणूस हसतो तसं तेही हसले. मग हुंगणाऱ्या यंत्राची नळी पहिल्या पिशवीत घातली. आकडे चढतात कसे ते युनिसला पाठ होतं. आधी थरथरतात, मग एकदम पळतात. तिने डोळे मिटून घेतले. माती जितकी खोल तितकी जुनी, आणि मिटलेल्या डोळ्यांमागे ती खाली खाली गेली, शिवणकामाच्या वर्षांखाली, उलट्या लाल ओळीखाली, उशीखाली, निळ्या एप्रनपर्यंत.

"शून्य," बोझेना म्हणाली.

दुसरी पिशवी. "शून्य." तिसरी, चिकणमातीतली, जिथे ते साचतं, जिथे ते असायलाच हवं. बोझेनाने यंत्रावर टिचकी मारली, त्यात आपल्या मार्करचं टोक धरलं. मार्करच्या वासाला यंत्र लगेच किंचाळलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. "शून्य. मिस्टर प्यो, मशीन नक्की इथंच होती?"

"जरा..." आप्पांनी काठी सरकवली. "जरा डावीकडे असेल."

डावीकडे भोक पडलं. रेती, चिकणमाती, काख, शून्य.

"भिंतीकडे असेल," आप्पा म्हणाले. घाम आला होता त्यांना, मार्च महिन्यात.

भिंतीकडे. शून्य.

"मिस्टर प्यो," बोझेनाने सुरी खाली ठेवली, "मशीन होती का मांजर?"

"मोठी होती," आप्पा म्हणाले. "फार मोठी. आवाज होता. लोकांना विचारा!"

"आवाज जमिनीत उतरत नाही ना हो."

टॅड म्हणाला, "मी इतक्या लॉन्ड्र्यांखाली भोकं पाडलीत, अशी स्वच्छ माती मला माझ्या आजीच्या बागेतसुद्धा मिळाली नाही." त्याने दाढी खाजवली. "आजीकडे कोंबड्या होत्या म्हणा."

चिकणमाती.

शून्याने युनिसला सुटल्यासारखं वाटलं नाही. आधी तिला रागच आला. शून्य हे उत्तर तिच्या ओळखीचं नव्हतं. असली मशीन म्हणजे छोट्या टेम्पोएवढं धूड. ती गळतेच. कितीही जपा, थेंब पडतोच, आणि एका थेंबालाही हे यंत्र ओरडतं. म्हणजे भोकं चुकीच्या जागी पडली. म्हणजे अजून आहे, कुठेतरी आहे, आणि सापडणार नाही, आणि ती पुन्हा रविवारी सूप वाढत बसणार. तिने मुठी खिशातून काढल्या. नियम होता, पण डोळ्यांना नियम नव्हता. ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि परक्याच्या जागेत पाऊल टाकल्यावर ती जे सगळ्यात आधी करते ते तिने आज सगळ्यात शेवटी केलं. तिने वर पाहिलं.

जुन्या पत्र्याचं छत, ठोकून वेलबुट्टी उठवलेलं, इमारत बांधली तेव्हाचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अखंड. वाफेचा पाइप बाहेर जायला एक भोक नाही. भोक बुजवलेलं नाही. भिंतीवर जाड विजेच्या तारेचा माग नाही, घरात असतो तसा साधा प्लग. खाली फरशीत मोरी नाही. मशीन जमिनीला जखडायचे बोल्ट कुठेच नाहीत, त्यांची भोकंसुद्धा नाहीत. बोझेनाही एव्हाना वर बघत होती, मग खाली, मग युनिसकडे, आणि तिच्या भुवया हळूहळू वर चढत होत्या. युनिस गुडघ्यांवर बसली. प्लगच्या खाली, भिंतीला लागून, सिमेंटवर गंजाचे चार डाग होते. गोल, नाण्याएवढे. तिने एका डागावर अंगठा ठेवला आणि करंगळी दुसऱ्याकडे ताणली. वीत, आणखी वीत, आणखी थोडं. एवढ्यात टेम्पो मावत नाही. एवढ्यात जे मावतं ते तिच्या ओळखीचं होतं. फार ओळखीचं होतं. घराच्या तळघरात, जिन्याखाली, कपडे वाळवायची पांढरी घरगुती मशीन. तिचे शाळेचे मोजे, तिचा पोहण्याचा टॉवेल, तिचा पदवीचा झगासुद्धा. आणि त्या मशीनचा ड्रम आतून पोचे आलेला होता, सगळीकडून, कुणी आत बसून बुक्क्या मारल्यासारखा. लहानपणी तिने विचारलं होतं हे कशाने झालं. ओम्मा म्हणाली होती, "सैन्याने केलं." आणि तोंडावर हात धरून वर निघून गेली होती.

"आप्पा." ती उठली नाही. "मशीन कसली होती?"

"मोठी—"

"आप्पा, पांढरी होती."

टॅडने मफ काढले. बोझेनाला कोरियन येत नव्हतं, पण दोन्ही हात काखेत घालून ती लक्ष देऊन ऐकत होती.

आप्पांनी आधी टाय नीट केला. मग पुढच्या दुकानाकडे, काचेकडे, रस्त्याकडे पाहिलं. "तिकडे कुणी नाही ना?" ते म्हणाले. "पांढरी होती. तुझ्या ओम्माने निवडली. या रस्त्यावर तेव्हा दोघांचे प्लँट होते, गिऱ्हाईक आत यायचं, विचारायचं, इथंच धुता ना, आणि मी नाही म्हटलं की कोट परत हातावर टाकून निघून जायचं. कपडे तुझ्या काकाच्या प्लँटवर जायचे, शहराबाहेर, बर्विनला. पहाटे त्याची गाडी गल्लीत यायची, धुतलेले टाकायची, मळलेले न्यायची. मी रडकुंडीला आलो होतो. मग ती म्हणाली, लोकांना मशीन नको असते हो, आवाज हवा असतो. आणि माझे सैन्यातले बूट काढले, ट्रंकेतून, नाल मारलेले, आणि त्या ड्रममध्ये टाकले, आणि बटण दाबलं, थंडच फिरवायची, गरम नाही. घुर्र-धप्प. पहिल्या दिवशी मिसेस पापादाकिस आली. कान टवकारून म्हणाली, वा, केवढी मशीन असेल! तुझी ओम्मा दाराआड फरशीवर बसून हसली. एवढी हसली की उठता येईना. मी बाहेर टाय लावून उभा, हसायची सोय नाही. रोज असं. मी लोकांना आतली मशीन वर्णन करून सांगायचो, मुद्दाम, जर्मन आहे, दोन मजली आहे, कारण मला माहीत होतं ती दाराआड ऐकतेय."

"आणि वाफ? मला भाजेल म्हणाला होतात!"

"तू बडबडी. आख्ख्या चर्चला सांगितलं असतंस."

"मग बंद का केलं?"

"बूट फाटले," आप्पा म्हणाले.

युनिसच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला हसणं म्हणावं का, हे टॅडला कळेना. तो पाण्याची बाटली घेऊन पुढे आला. ती फरशीवर बसली होती, बहुतेक तिथंच, दाराआड, जिथं दुसरं कुणी बसून हसलं होतं, आणि तिला उठता येत नव्हतं. वास कपड्यांचा होता. बर्विनहून धुऊन आलेल्या लोकांच्या कोटांचा. काकांच्या त्या जागेवरची माती पुढे ट्रक भरभरून काढून न्यावी लागली, हे तिला कामावरूनच ठाऊक होतं. घरातला खरा प्लँट तो, आणि त्याचा हिशेब तिथं झालेला होता. ओम्मा कशाने गेली? माहीत नाही. कोटांच्या वासाने, नशिबाने, कशाने. कुठलंच यंत्र ते सांगणार नाही, आणि न सांगता येणाऱ्या गोष्टीसमोर 'सांगता येत नाही' असं लिहायचं असतं, एवढी प्रामाणिक ती कामात नेहमी होती, फक्त घरी नव्हती. पण या दारामागे वाफेत एक बाई उभी आहे आणि बाहेर टाय लावून तिचा नवरा उभा आहे, हे चित्र, जे तिने इतकी वर्षं जपलं, ज्याच्यावर तिने पोट भरलं, ज्याच्यासाठी सगळ्या शहराची जमीन हुंगत फिरली, त्यात चित्रकाराची सगळी चूक नव्हती. माणसं बरोबर जागी उभी होती. फक्त आतली बाई हसत होती. जिना पुढे होता. तिने पाय टाकला आणि पायरी लागली: आप्पांनी ओम्माला हसवलं. रोज. आठ वर्षं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, मधली जेवणाची सुट्टी सोडून.

"काय म्हणाले?" बोझेना विचारत होती. "युनिस? कुणी मला सांगेल का?"

युनिसने सांगितलं. बोझेनाने ऐकलं, मग वर छताकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "मिस्टर प्यो, मी या धंद्यात विष लपवणारे शंभर पाहिले. नसलेलं विष मिरवणारे तुम्ही पहिले."

"हे लिहावं लागेल का?" आप्पांनी विचारलं. आता ते खरोखर घाबरले होते.

"लिहावंच लागेल. एवढंच लिहून जमीन सुटणार आहे तुमची."

"मिसेस पापादाकिस वाचणार नाही ना?"

पुढचा आठवडा आप्पांनी मिसेस पापादाकिसना टाळण्यात घालवला, जी तशी सोपी गोष्ट नव्हती, कारण त्यांचा स्कर्ट दुकानात आखूड व्हायला पडला होता. प्रयोगशाळेचं उत्तर आलं तेव्हा युनिस दुसऱ्याच एका जागेवर होती. बोझेनाने फोन केला आणि एकच शब्द बोलली, आणि युनिसने भर चिखलात दोन्ही बूट आपटले, एकदा हा, एकदा तो, आणि त्या दिवशी तिच्या कामावर आलेला टॅड ड्रिल थांबवून बघत राहिला. संस्थेच्या वकिलाने संध्याकाळच्या आत कळवलं की अट पूर्ण झाली, करार पुढे जाईल. तिथं मुलांचा विभाग होईल. मुलं त्या फरशीच्या जागी रांगतील, आणि त्यांच्याखाली रेती असेल, आणि रेतीखाली ती राखाडी माती, जिच्यात काही नाही, काहीही नाही.

ती दुकानात गेली तेव्हा ऊन शेवटच्या काचेवर होतं. आप्पा मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते, कोट काढून, टाय तसाच. तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली, आधी एकदा, मग बराच वेळ. "म्हणजे चांगली जागा होती," ते म्हणाले.

"सगळ्या लॉरेन्स अव्हेन्यूवर तशी नव्हती."

बाहेर घंटी वाजली. "कुणी आहे का?" मिसेस पापादाकिसचा आवाज, नव्वदीतही पुऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "प्यो! माझा स्कर्ट! आणि ते काय खणत होते तुमच्याकडे? बेकरीत म्हणतात तुमच्याकडे मशीनच नव्हती कधी! मी म्हटलं, जळतात मेले!"

आप्पा खुर्चीत गोठले. त्यांनी युनिसकडे पाहिलं, आणि त्या नजरेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचं काही नव्हतं. पकडल्या जाणाऱ्या पोराची नजर होती ती, दाराआडून कुणीतरी वाचवेल अशी खात्री असलेली. कडी आता तिच्या हाताला येत होती. तिने दार लोटून घेतलं, फटीएवढं उघडं ठेवून. मग भिंतीला पाठ लावली, त्या चार डागांच्या वर, तोंड मिटलं, आणि घशातून, अगदी खालून, जिथं आवाज साठून राहिला होता तिथून, काढला. घुर्र. आप्पांचा हात वर गेला, लांब बोटांचा, सुईने टोचलेला, आणि पंजा उघडा करून त्यांनी भिंतीवर मारला. धप्प.

घुर्र-धप्प. घुर्र-धप्प. छतावरचा पत्रा थरथरू लागला. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांचा ताल एकदाही चुकत नव्हता.

"ऐकलंत?" बाहेर मिसेस पापादाकिस रस्त्यावरच्या कुणाला तरी ओरडून सांगत होत्या. "ऐकलंत? मी काय म्हणत होते!"